स्कीवाल्यांच्या रॅकेटी: काय ठेवावं, काय सोडावं

प्रश्न : मी जुन्या टेनिस रॅकेटी जमवतो. सुरुवात हेडच्या 'आर्थर अ‍ॅश कॉम्पिटिशन'पासून झाली. ही कंपनी मुळात स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळ्या, बनवायची हे नंतर कळलं, आणि मग रोसिन्योल, फिशर, क्नाइसल, फ्योल्कल अशी स्कीवाल्यांचीच नावं शोधायचा नाद लागला. आज घरात बावीस रॅकेटी आहेत, त्यातल्या सहा हेडच्या त्याच मॉडेलच्या. बायको म्हणते, 'तू नक्की काय जमवतोयस ते मला एकदा नीट सांग आणि मग पुढची घे.' मला सांगता आलं नाही. त्यातच एक विक्रेता क्नाइसलची रॅकेट देतोय. टेनिसपटू इव्हान लेंडलने स्वतः वापरलेली आहे असं म्हणतो आणि किंमतही तशीच लावतो. गळ्याजवळ बारीक चीर आहे, पण 'नुसता रंग तडकलाय' म्हणे. घ्यावी का? आणि या रॅकेटींना गटिंग करून, म्हणजे नव्या तारा बसवून, खेळावं, की त्या नुसत्या जपून ठेवाव्यात?

– एक गोंधळलेला संग्राहक

उत्तर :

विक्रेता थांबलेला असेल, म्हणून त्याचं आधी. ती रॅकेट घेऊ नका. निदान त्या किमतीला तर नाहीच.

लेंडल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्नाइसलच्या 'व्हाइट स्टार'ने खेळायचा हे खरं आहे. पण त्याच्या नावाची रॅकेट कंपनीने दुकानांतूनही भरपूर विकली. फ्रेमवर लेंडलची सही छापलेली असली तर ती त्याच्या नावाने विकली गेली एवढंच कळतं, त्याच्या हातात होती हे कळत नाही. व्यावसायिक खेळाडू रॅकेट जशी येते तशी वापरत नाहीत. कुणी फ्रेमवर शिशाच्या पट्ट्या लावून वजन वाढवतो, कुणी मुठीचा आकार बदलून घेतो, कुणी ग्रिप आपल्या सवयीने बांधतो. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: रॅकेटीचं नेमकं वजन, ग्रिप काढल्यावर मूठ कशी दिसते त्याचा फोटो, आणि ही रॅकेट लेंडलकडून त्याच्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली त्याचा कागद. सामन्यातला एखादा जुना फोटो आणि त्यात दिसणारे ओरखडे या फ्रेमवरही त्याच जागी, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या तोंडी हमीवर दुकानातल्या रॅकेटीचाच भाव द्यावा.

आता चीर. गळा, म्हणजे मुठीतून वर येणाऱ्या दोन भुजा जिथे फाकतात ती जागा, आणि चेंडू मारायच्या भागाचा खालचा कोपरा, फ्रेम सगळ्यात जास्त सोसते ती इथे. 18 उभ्या तारा प्रत्येकी 50 पौंडांनी ताणल्या तर फ्रेमवर कागदावर तरी चारशे किलोंच्या आसपास ओढ येते. तारा हळूहळू सैलावल्या तरी ती वर्षानुवर्षं थोडीफार राहतेच, रॅकेट कपाटात पडून असली तरीसुद्धा. त्यामुळे 'रंग तडकलाय' हे कुणी नुसतं म्हटलं म्हणून मानू नका, पाहा. चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून फ्रेम हलकेच वाकवा. चीर श्वास घेतल्यासारखी उघडमीट करत असेल तर आतला थर गेलेला आहे. मग नखाच्या पाठीने फ्रेमवर टकटक करत चिरेकडे सरका. अखंड फ्रेमचा आवाज कोरडा, टणक येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. रंगाची चीर बहुधा वरच्या थरातच थांबते, बोट फिरवलं तर नुसती खरखर लागते. फ्रेमला वळसा घालून आतल्या बाजूला पोचलेली चीर रंगाची नसते.

एवढं पाहून चीर रंगाचीच निघाली आणि लेंडलचं नाव वगळून भाव ठरला, तर खुशाल घ्या, कारण क्नाइसल तुमच्या संग्रहात असायलाच हवी. का, ते पुढे सांगतो. त्यातच तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न अगदी योग्य आहे.

तुम्ही नावं जमवताय. मला वाटतं, या रॅकेटींमधली खरी जमवण्याजोगी गोष्ट त्यांची बांधणी आहे. हे कारखाने बर्फावर घसरायच्या फळ्या करत होते. त्यांना टेनिसमध्ये येता आलं ते एका कौशल्याच्या जोरावर: वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवायचे, की वस्तू हलकीही राहील, वाकेलही आणि तुटणारही नाही. जुनी लाकडी स्की आणि जुनी लाकडी रॅकेट, दोन्हींत अ‍ॅश नावाच्या झाडासारखं चिवट लाकूड असायचं आणि दोन्हींत ते वाकवायची कला लागायची. पुढे लाकडाच्या जोडीला धातू, फायबरग्लास आणि कार्बन आले, तेव्हा ते साच्यात दाबून चिकटवण्याचं तंत्र स्कीवाल्यांच्या हातात आधीच होतं. शिवाय स्कीचा धंदा हिवाळ्याचा आणि टेनिस उन्हाळ्याचं. सत्तरच्या दशकात टेनिसची लाट आली, तेव्हा या मंडळींनी तिकडे वळणं अगदी साहजिक होतं.

याची सुरुवात हॉवर्ड हेडपासून धरायला हरकत नाही. हा अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा विमानांचा इंजिनिअर, ग्लेन मार्टिन कंपनीत काम करणारा. पहिल्यांदा स्कीइंगला गेला तेव्हा त्या जड लाकडी स्की त्याला फार बोजड वाटल्या. विमानाच्या बांधणीत पातळ धातूच्या दोन पत्र्यांमध्ये हलका गाभा ठेवतात, तसंच स्कीचं का करू नये, असा विचार करून त्याने 1947 च्या सुमारास प्रयोग सुरू केले. सुरुवातीच्या स्की तुटत गेल्या आणि तो त्या पुन्हा बनवत गेला. 1950 पर्यंत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये प्लायवुडचा गाभा आणि कडेला पोलादाची धार अशी टिकणारी स्की त्याने उभी केली, कंपनीही काढली.

या बांधणीमागचं गणित समजून घ्या, म्हणजे तुमच्या बावीसही रॅकेटी वेगळ्या दिसू लागतील. कुठलीही पट्टी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागाला फारसं काम नसतं. मग मजबूत आणि महाग पदार्थ बाहेरच्या दोन थरांत ठेवायचा आणि मध्ये काहीतरी हलकं भरायचं, जे त्या दोन थरांना एकमेकांपासून दूर धरून ठेवील. थरांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठरपणा चौपटीच्या घरात जातो, वजन मात्र जेमतेम वाढतं. स्की, विमानाचा पंख आणि तुमची 'अ‍ॅश कॉम्पिटिशन' यांच्यात हे एकच सूत्र आहे. ती रॅकेट उजेडात आडवी धरा आणि कडेकडून बघा: बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये फायबरग्लासचा थर. समोरून ती बर्फात चालायला पायाला बांधतात त्या जाळीदार पायताणासारखी दिसते, पण तिचं खरं सौंदर्य कडेला आहे.

अमेरिकन टेनिसपटू आर्थर अ‍ॅश 1975 ची विम्बल्डन अंतिम लढत हेडच्या रॅकेटीनेच खेळला आणि जिंकला. समोर जिमी कॉनर्स होता, त्याच्या हातात विल्सनची पोलादी नळीची टी-2000. तिच्या मुळाशी फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्तचा आराखडा होता. बहुतेक खेळाडू तेव्हाही लाकडाच्या रॅकेटी वापरत होते आणि अंतिम फेरीत मात्र पोलादी नळी विरुद्ध थरांची बांधणी असा सामना झाला. मला त्या सामन्याबद्दल हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. संग्रहात अ‍ॅशच्या रॅकेटीशेजारी एक टी-2000 ठेवलीत, तर तिच्यावर स्कीवाल्याचं नाव नसलं तरी ती तिथे शोभेल.

असा आणखी एकच अपवाद मी सुचवीन. हॉवर्ड हेडने पुढे आपली कंपनी विकली आणि निवृत्तीत टेनिस शिकायला घेतलं. चेंडू मधोमध लागला नाही की रॅकेट हातात फिरायची, ते त्याला खटकायला लागलं. उपाय म्हणून त्याने रॅकेट रुंद केली, कारण वजन मध्यापासून जितकं लांब जाईल तितका फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. 1976 साली त्याला पेटंट मिळालं आणि प्रिन्सची मोठ्या डोक्याची अ‍ॅल्युमिनियम रॅकेट बाजारात आली, ती हिरव्या गळ्याची. लोक हसले. पण 1978 मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर ती मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. एकाच माणसाने आधी स्की आणि मग रॅकेट बदलली, म्हणून प्रिन्स क्लासिकला तुमच्याकडे जागा द्या.

आता युरोप. ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइनची क्नाइसल कंपनी. 'व्हाइट स्टार' हे त्यांच्या साठच्या दशकातल्या स्कीचं नाव. कार्ल श्रान्त्ससारखा स्कीपटू क्नाइसलच्या स्कीवर उतरायचा. तेच नाव पुढे रॅकेटीवर आलं. कारखान्याने आपल्या सगळ्यात मानाच्या स्कीचं नाव टेनिसला दिलं, यावरून तिकडे ते किती गंभीरपणे उतरले होते ते दिसतं. नंतर लेंडल आदिदासच्या जीटीएक्स प्रोने खेळू लागला, तीही याच घराण्यातली. दोन्ही शेजारी ठेवून फ्रेमच्या कडा आणि गळा जुळवून पाहिलात तर नातं डोळ्यांनीच कळेल. मी म्हणतो ती क्नाइसल या कारणासाठी हवी. लेंडलने तिला हात लावला होता की नाही, याने त्यात काही फरक पडत नाही.

फिशर ही ऑस्ट्रियातल्या रीड गावची, 1924 पासूनची. 'व्हॅक्यूम' हे नाव त्यांच्या स्कीवरही दिसतं आणि रॅकेटीवरही. 1991 ला मिखाएल श्टिखने विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात बोरिस बेकरला हरवलं ते फिशरच्या 'व्हॅक्यूम प्रो'ने. आणि गंमत बघा, हेडने विमानातलं तंत्र स्कीत आणलं, तर फिशरच्या कारखान्यातल्या संशोधन विभागातून विमानांचे भाग बनवणारी एफएसीसी ही कंपनी 1989 मध्ये बाहेर पडली. उलटा प्रवास. फिशरची एखादी रॅकेट तुमच्याकडे असेल तर तिच्याजवळ हे लिहून ठेवा.

फ्रान्सच्या रोसिन्योलचा कारखाना त्याहून जुना, 1907 चा. यांची घ्यायचीच तर एफ-200 घ्या, मॅट्स विलांडर ऐंशीच्या दशकात जिने खेळायचा ती. इतर रॅकेटींत गळ्यावरची आडवी कमान मुठीच्या बाजूला झुकलेली असते आणि डोक्याचा अंडाकृती आकार पुरा करते. एफ-200 मध्ये ती उलटी, वरच्या दिशेला उचललेली आहे. त्यामुळे मधल्या उभ्या तारा एरवीपेक्षा आखूड होतात. बघताक्षणी ओळखू येणारी रॅकेट आहे, आणि ती हातात घेतल्यावर कुणीही 'हे असं का?' म्हणून विचारतंच. बायकोला दाखवायला पहिली हीच काढा.

फ्योल्कल जर्मनीतल्या श्ट्राउबिंगची. तुमच्याकडे असेल तर ठेवा, नसेल तर घाई नाही, कारण त्यांच्या टेनिसमधल्या चांगल्या रॅकेटी बऱ्याच नंतरच्या आहेत आणि आजही सहज मिळतात. यामाहाला मात्र विसरू नका. वाद्यं बनवणाऱ्या या जपानी कंपनीने फायबरग्लासचे धनुष्य 1959 ला आणि स्की 1961 ला आणल्या, मग टेनिस. लाकूड आणि फायबर एकत्र ओळखणाऱ्या कारखान्यात पियानोपासून रॅकेटीपर्यंतचा रस्ता किती सरळ असतो ते तिच्यामुळे दिसेल.

तेव्हा बावीस रॅकेटी एकदा जमिनीवर मांडा. काळाप्रमाणे किंवा नावाप्रमाणे नको, बांधणीप्रमाणे मांडा: नुसतं लाकूड, लाकडावर फायबरचा थर, धातूची थरांची, कार्बनची. प्रत्येक रॅकेटीपाशी विचारा की ही असं काय दाखवते जे शेजारची दाखवत नाही. जिच्यापाशी उत्तर येणार नाही ती जाऊ द्या. हेडच्या सहापैकी सगळ्यात स्वच्छ, मूळ ग्रिपची आणि मूळ कव्हरची एक हात न लावता ठेवा. दुसरी खेळायला. तिसरी सुट्या भागांसाठी, कारण या रॅकेटींचे ग्रॉमेट, म्हणजे तारा ओवायच्या भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, काळाने ठिसूळ होतात आणि नवे मिळणं कठीण असतं. उरलेल्या तीन विका किंवा कुणाला तरी द्या, आणि त्या पैशांतून जी बांधणी तुमच्याकडे नाही ती आणा.

खेळावं का? हो, जरूर खेळा. ज्या रॅकेटीची जोड तुमच्याकडे आहे तिच्यानेच, पण खेळा. थरांच्या बांधणीचा लवचीकपणा वाचून कळत नाही. चेंडू तारांवर किंचित जास्त रेंगाळतो, मनगटाला धक्का कमी बसतो आणि लहान डोक्यामुळे चेंडू मधोमध घ्यावाच लागतो. गटिंग मात्र सांभाळून करा. 45 पौंडांच्या आसपास पुरे, त्याहून कमीही चालेल. तारा मऊ नायलॉनच्या किंवा आतड्याच्या घ्या. पॉलिएस्टरच्या ताठ तारा अशा फ्रेमला मुळीच नकोत. फ्रेमला सहा ठिकाणी आधार देणाऱ्या यंत्रावरच करून घ्या, आणि गटिंग करणाऱ्याला सुरू करण्याआधी ग्रॉमेट तपासायला सांगा. एखादा चिरलेला असेल तर तार फ्रेमची धार खात जाते.

जुन्या तारा काढताना एक चूक फार जण करतात, एका टोकाकडून कापत सुटतात. एकीकडची ओढ संपते, दुसरीकडची तशीच राहते आणि फ्रेम पिळते. मधल्या उभ्या तारेपासून सुरू करा, मग मधली आडवी, पुन्हा उभी, असं आलटून पालटून बाहेरच्या दिशेने जा. जी रॅकेट खेळायची नाही आणि जिच्या तारा मूळच्या नाहीत, तिच्या तारा काढूनच टाका. मूळच्या असतील तर राहू द्या, त्यांचा ताण आतापावेतो बराच उतरलेला असतो आणि त्या वस्तूचाच भाग आहेत.

रंग कधीही नवा देऊ नका. ओरखडे, फिकट झालेले स्टिकर, 'मेड इन ऑस्ट्रिया'ची पट्टी, मुठीच्या तळाचं टोपण, सगळं जसं आहे तसं. चामड्याची मूळ ग्रिप काळी पडली असली तरी उकलू नका, खेळायचं असेल तेव्हा तिच्यावर पातळ पट्टी गुंडाळा. धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ओल्या कपड्याने पुसलंत तर अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांत पाणी राहतं आणि पांढरी भुकटी धरते. लाकडी रॅकेटी त्यांच्या स्क्रूच्या चौकटीत, चारही स्क्रू सारखे घट्ट करून ठेवा. बाकीच्या गळ्यापाशी आधार देऊन टांगा, तारांवर नको. ऊन लागणारी भिंत आणि गाडीची डिकी या दोन जागा अगदी वर्ज्य. थर धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ तापला की सैल पडतो, आणि तो एकदा सैल पडला की ती रॅकेट गेलीच.

बायकोला सांगायला आता तुमच्याकडे एक वाक्य आहे: बर्फावर घसरण्यासाठी शोधलेली बांधणी टेनिसमध्ये कशी आली ते मी जमवतोय. ते वाक्य आणि प्रत्येक रॅकेटीसाठी एक कार्ड करा. कार्डावर कारखाना, गाव, थरांचा क्रम, वजन, दोष आणि ती कुणाकडून आली. बावीसची बारा झाली तरी चालेल. विक्रेत्याला आजच कळवा की लेंडलच्या नावाशिवायचा भाव सांग आणि चिरेच्या आतल्या बाजूचा फोटो पाठव. फोटो आला नाही तर ती रॅकेट सोडून द्या. 'व्हाइट स्टार' आणखीही बऱ्याच आहेत, अखंड असलेली मिळेल.